अडीच हजारांची समता

राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला की आपण सगळ्याजणी एकाच रकान्याकडे धावतो : बायकांसाठी काय दिलं? कोणती योजना आली, कोणती गुंडाळली, किती कोटी ठेवले, त्यातले खरोखर किती खर्च होणार. हे पाहायलाच हवं. पण जमाखर्चाच्या वहीला दुसरी बाजूही असते. पैसा कुणाकडून घेतला, कुणाला माफ केला, आणि ज्याच्याकडून घेतला त्याला तो झेपणारा होता का, हे प्रश्न आपण अर्थशास्त्र्यांचे म्हणून सोडून देतो. घरात मात्र आपण असं कधीच करत नाही. घरखर्चात कुणी किती घातले यावरून आपल्याकडे सख्खे भाऊ वेगळे होतात.

मला या विषयाकडे वळवलं ते माझ्याच पगाराच्या पावतीने. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेऊन मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत मी काम करू लागले त्याला आता अकरा वर्षं झाली. माझ्या पगारातून दर महिन्याला व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २,५००. आमच्या कार्यालयात रात्री पहारा देणारे काका आहेत, त्यांना महिना १३ हजार मिळतात. त्यांचेही २,५००. आमच्या विश्वस्तांपैकी एकजण मोठ्या कंपनीत वरच्या पदावर आहेत, पगार महिना पाच लाखांच्या घरात. त्यांचेही २,५००. हिशेब केला तर काका शंभर रुपयांमागे एक रुपया साठ पैसे भरतात, मी पंचावन्न पैसे आणि विश्वस्त चार पैसे.

आता या कराचा इतिहास पाहा, म्हणजे ही गोष्ट का खुपते ते कळेल. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रातली लाखो माणसं खडी फोडायला रस्त्यावर बसली, आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. वि. स. पागे यांनी मांडलेली आणि १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना या दुष्काळानंतर राज्यभर रुजली. ‘मागेल त्याला काम’ द्यायचं तर पैसा कुठून आणायचा? म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने, व्यावसायिकाने थोडे पैसे द्यायचे आणि सरकारने आपल्या तिजोरीतून तेवढेच घालायचे. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. शहराने गावाला, नोकरी असलेल्याने नसलेल्याला, काही अंशी पुरुषाने बाईलाही दिलेला तो हात होता. कर कशासाठी घेतला जातोय हे तेव्हा कुणाही कारकुनाला सांगता येत होतं. आज दहा पगारदारांना विचारा, एकालाही सांगता येणार नाही. मी विचारून पाहिलंय.

या कराची कमाल मर्यादा संविधानाच्या २७६व्या कलमात बांधलेली आहे. पूर्वी ती वर्षाला २५० रुपये होती. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. तेव्हापासून पगार कुठल्या कुठे गेले, तांदूळ, रॉकेल, भाडं, शाळेची फी सगळं कुठल्या कुठे गेलं, पण हा आकडा जागचा हललेला नाही. त्यातून आपल्या राज्याचे टप्पे असे, की १० हजारांच्या वर महिना पगार गेला की पुरुषाला हा कमाल कर लागू. दहा हजारांच्या वर म्हणजे कोण? तर किमान वेतनावर काम करणारा जवळजवळ प्रत्येक पुरुष. म्हणजे कराची शिडी पहिल्या पायरीवरच संपते, वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला चढायचं कामच नाही.

चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १२ हजार करावी असं सुचवलं, पंधराव्याने १८ हजार. स्थानिक संस्थांचं उत्पन्न वाढावं म्हणून त्यांनी हे सुचवलं होतं. आयोगावर बसणारी माणसं काही लाल झेंडा घेऊन फिरणारी नसतात. तरीही हे पान कुणी उलटलं नाही.

इथे एक गोष्ट बोलायला हवी, कदाचित काही मैत्रिणींना ती आवडणार नाही. १ एप्रिल २०२३पासून महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ झाला. आपण त्याचं स्वागत केलं. मीही केलं. कारखान्यात, दुकानात, रुग्णालयात राबणाऱ्या बाईच्या हातात वर्षाला अडीच हजार राहिले तर त्यात वाईट काय? काही नाही. पण आता आमच्या वस्तीतलं एक जोडपं घ्या. ती एका खाजगी रुग्णालयात मदतनीस, पगार १६ हजार, कर शून्य. तो मॉलमध्ये सफाई कामगार, पगार १२ हजार, कर अडीच हजार. पैसा एकाच चुलीवर शिजतो. त्याच्या पगारातून गेलेले अडीच हजार तिच्याच किराण्यातून जातात. सवलत बाईला म्हणून न देता कमी पगाराला म्हणून दिली असती, तर याच बाईला तिचा दुप्पट फायदा झाला असता. बायकांना वेगळं काढून सवलत देणं सरकारला सोपं असतं. त्यात वरच्या थरातल्या कुणालाही एक पैसा जास्त द्यावा लागत नाही, आणि वर्तमानपत्रात ‘महिलांना भेट’ असा मथळाही मिळतो. करांच्या बाबतीत आपली मागणी माहेरच्या साडीसारखी नको. ऐपतीप्रमाणे कर, हीच आपली मागणी असायला हवी. ती मान्य झाली तर सर्वांत जास्त दिलासा बायकांनाच मिळेल, कारण कमी पगाराच्या कामांत गर्दी आपलीच आहे.

वस्तीतल्या बैठकीत मी हा विषय पहिल्यांदा काढला तेव्हा बायका हसल्या. ‘ताई, आम्ही कुठला कर भरतो? ते साहेब लोकांचं काम.’ म्हणून आम्ही एक दुपार फक्त हिशेबाला दिली. मोबाइलचा २९९चा रिचार्ज घेतला. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो, म्हणजे २९९मधले सुमारे पंचेचाळीस रुपये कर. त्यातला निम्मा राज्याचा, निम्मा केंद्राचा. रिचार्जचा महिना अठ्ठावीस दिवसांचा, तेव्हा वर्षात तेरा वेळा भरावा लागतो. एका फोनचे वर्षाला जवळपास सहाशे रुपये. घरात दोन फोन तर बाराशे. मग गॅसची टाकी, चहापत्ती, अंगाचा साबण, कपड्याची पावडर, मुलाची सायकल. धुणीभांडी करणारी एक बाई बोटं मोजता मोजता थांबली आणि म्हणाली, ‘म्हणजे मी ज्या बाईकडे काम करते ती आणि मी, दोघी साबणावर सारखाच कर देतो?’ अगदी सारखाच. वर तिचा साबण एका दमात डझनाने येतो, स्वस्तात.

२०१७ साली हा कर आला तेव्हा सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के आकारणी होती, आणि ती काढून टाकायला बायकांना वर्षभर झगडावं लागलं. जुलै २०१८मध्ये ती गेली. १८ जुलै २०२२पासून बंद पाकिटातल्या पीठ-तांदळावरही ५ टक्के लागले. सप्टेंबर २०२५मध्ये दर बदलले, अंगाचा साबण, तेल, टूथपेस्ट ५ टक्क्यांवर आली. दिलासा मिळाला हे कबूल. पण खालून घेतलेले कमी केले आणि वरून काहीच जास्त घेतले नाहीत, तर तिजोरीतली तूट कुठून भरून निघते? ती रुग्णालयातल्या रिकाम्या पदांमधून निघते, शाळेत न आलेल्या शिक्षकांमधून निघते, आणि बसच्या तिकिटातून निघते.

बसचं उदाहरण मुंबईकरणींना सांगायला नको. मे २०२५मध्ये बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं, वातानुकूलित गाडीचं ६वरून १२. रोज एक बस जाताना आणि एक येताना, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर २६० रुपयांच्या जागी ५२०. कामवाल्या बाईचा महिन्याचा खर्च २६० रुपयांनी वाढला. कंपनीच्या संचालकाचा व्यवसाय कर महिन्याला २०० आहे. भाडेवाढीला कुणी कर म्हणत नाही. विधिमंडळात त्यावर चर्चा होत नाही, संध्याकाळी जाहीर होतं आणि सकाळी कंडक्टर जास्त पैसे मागतो. पण बाईच्या पदरातून सार्वजनिक सेवेसाठी पैसा गेला, तर तो कर नाही तर काय? उलट मार्च २०२३पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, ती गोष्ट मला खरी मोलाची वाटते. कारण तिथे सरकारने सेवा स्वस्त केली. त्या अर्ध्या तिकिटावर बायका माहेरी, बाजाराला, दवाखान्यात, कोर्टाच्या तारखेला जाऊ लागल्या. (जानेवारी २०२५मध्ये मूळ भाडंच जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं, तो भाग वेगळा.)

आता दारूचं बोलू. यावर आपल्या चळवळीने जेवढं सोसलंय तेवढं दुसऱ्या कशावर नसेल. १९७०च्या दशकात शहाद्याच्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली. पुढे ‘आडवी बाटली’ साठी गावोगाव मतदान झालं. चंद्रपूरच्या बायकांनी चालत मोर्चे काढून १ एप्रिल २०१५ रोजी जिल्ह्यात दारूबंदी आणली, आणि मे २०२१मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. बेकायदा दारू आणि गुन्हे वाढल्याचं कारण दिलं गेलं. बुडणारा महसूलही चर्चेत होताच. जून २०२५मध्ये राज्याने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि त्यातून वर्षाला आणखी १४ हजार कोटी मिळतील असा अंदाज मांडला. देशी दारूची १८० मिलिलिटरची बाटली कमीत कमी ८० रुपयांची झाली.

दारू महाग झाली की माणसं कमी पितात असं सांगितलं जातं. नवीन पिणाऱ्या पोरांच्या बाबतीत ते खरं असेलही. पण ज्याला व्यसन जडलंय तो कमी पीत नाही, घरातून जास्त नेतो. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायका सांगतात. आधी डब्यातले पैसे जातात, मग गॅसची टाकी विकली जाते, मग कानातलं. रोज एक बाटली म्हणजे महिन्याला २,४०० रुपये. लाडकी बहीण योजनेत तिला मिळतात १,५००. चोवीसशेतले सगळे काही कराचे नाहीत. पण बायकांसाठीच्या योजनांचं ओझं उचलायला सरकारला ज्या जागा पटकन सापडतात, त्यांत नवऱ्याची बाटली वरच्या क्रमांकावर आहे, ही गोष्ट आपण मुकाट्याने गिळायची का? दारूवर कर असावाच, चांगला जड असावा. आक्षेप वेगळा आहे. जे सरकार दारूच्या पैशावर चालतं त्याला दुकान बंद करण्याचा ठराव कसा परवडणार? बायकांनी ‘आडवी बाटली’ ला मत दिलं की तहसील कार्यालयात इतका वेळ का लागतो, याचं उत्तर मला अर्थसंकल्पाच्या जमेच्या बाजूला सापडतं.

राज्याला दुसरीकडून पैसा उभा करताच येत नाही असं म्हणावं, तर तेही खरं नाही. सप्टेंबर २०२० आठवा. टाळेबंदीने आमच्या वस्तीत घरोघरी उधारी चालली होती. त्या महिन्यात राज्याने घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं, डिसेंबरअखेरपर्यंत, आणि पुढे मार्च २०२१पर्यंत दोन टक्क्यांनी. दोन कोटींचा फ्लॅट घेणाऱ्याचे सहा लाख वाचले. त्यामुळे व्यवहार वाढले हे मान्य. पण तेव्हा ‘तिजोरीवर भार पडेल’ हे वाक्य मी कुणा मंत्र्याच्या तोंडून ऐकलं नाही. हेच वाक्य अंगणवाडी सेविकांना दर संपात ऐकायला लागतं. किंवा मोटारींचं घ्या. पेट्रोलवरची खाजगी गाडी दहा लाखांच्या आतली असेल तर ११ टक्के कर, वीस लाखांच्या वर १३ टक्के. इथवर ठीक. पण एका गाडीवर जास्तीत जास्त किती कर घ्यायचा याला मर्यादा आहे. ती पूर्वी २० लाख होती, १ जुलै २०२५पासून ३० लाख झाली. म्हणजे पाच कोटींच्या गाडीवर पडतात सहा टक्के, आणि सहा लाखांची छोटी गाडी हप्त्यावर घेणाऱ्यावर अकरा! ३० लाखांच्या वरच्या विजेवरच्या गाड्यांना ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात होता. त्याच महिन्यात तो मागे घेतला गेला. त्यासाठी कुणाला आझाद मैदानावर बसावं लागलं नाही.

अंगणवाडी सेविका मात्र ४ डिसेंबर २०२३पासून जवळपास साडेसात आठवडे संपावर होत्या. २०२३ साली त्यांचं मानधन ८,३२५वरून १० हजार झालं होतं, मदतनिसांचं ४,४२५वरून ५,५००. मूल जन्मल्यापासून शाळेत जाईपर्यंत त्याची सारी नोंद ठेवणाऱ्या, वजनं करणाऱ्या, लसीला घेऊन जाणाऱ्या, निवडणुकीच्या याद्यांपर्यंत सगळं करणाऱ्या बाईला ‘मानधन’ मिळतं, पगार नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८मध्ये सेविकेसाठी दरमहा ४,५०० ठरवले आणि पुढची कित्येक वर्षं त्यात भर घातली नाही. वरची वाढ राज्याने करायची. राज्य म्हणतं, पैसा नाही. पैसा कुठे आहे ते वर सांगितलंच.

पाळणाघरांची गोष्ट त्याहून वाईट आहे. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २०१६ सालापर्यंत ९० टक्के खर्च केंद्राचा आणि १० टक्के चालवणाऱ्या संस्थेचा होता. जानेवारी २०१७पासून केंद्राने आपला वाटा ६० टक्के केला, ३० टक्के राज्याने द्यायचे ठरले. पुढच्या काही वर्षांत देशभरातली पाळणाघरं निम्म्याहूनही कमी उरली. आमच्या वस्तीतलं पाळणाघर चालवणाऱ्या संस्थेनेही अनुदानाची वाट बघून बघून कुलूप लावलं. अंगणवाडी आहे, पण ती दुपारी सुटते, आणि तीन वर्षांखालच्या मुलाला तिथे घरी नेण्याचा आहार मिळतो, सांभाळ मिळत नाही. आई सकाळी सातला निघते, संध्याकाळी सहाला परतते. मग मूल कोण सांभाळतं? शेजारच्या गल्लीत पाचवीतली एक मुलगी आहे. तिचा भाऊ चौदा महिन्यांचा. आईची कामं ज्या दिवशी जास्त, त्या दिवशी ती शाळेत जात नाही. शाळेच्या हजेरीत तिच्यापुढे ‘अनियमित’ असा शेरा आहे. माझ्या दृष्टीने ती अनियमित नाही, ती रोज नऊ तास काम करते. सरकारने जो खर्च वाचवला तो ती भरते आहे, शिक्षणाच्या वर्षांतून. या राज्यात सर्वांत जड कर कुणावर बसतो असं मला विचारलं तर मी तिच्याकडे बोट दाखवेन.

म्हणूनच दीड हजारांबद्दल माझं मन दुटप्पी आहे. ऑगस्ट २०२४पासून वस्तीतल्या बायकांच्या खात्यावर ते पैसे येऊ लागले तेव्हा मी त्यांचे चेहरे पाहिलेत. कुणी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता डॉक्टरकडे गेली. या पैशांना भीक म्हणणारे शहाणे मला मुळीच पटत नाहीत. मोटारीवरची कराची मर्यादा त्यांना भीक वाटत नाही! पण दीड हजारांत दिवसभराचं पाळणाघर विकत मिळत नाही. आमच्याकडे खाजगी पाळणाघराला महिन्याला तीन हजार लागतात, तेही एका खोलीत वीस मुलं. रोख रक्कम ही सेवेच्या जोडीला हवी. सेवेच्या जागी आली तर बाईच्या हातात पैसे येतात आणि मूल पुन्हा मोठ्या बहिणीच्या कडेवर जातं.

रोजगार हमीकडेही परत पाहावं लागेल. महाराष्ट्राने जे सुरू केलं त्याच्याच धर्तीवर २००५ साली केंद्राचा कायदा झाला, आणि अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्राने घेतला. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने त्याच्या जागी ‘व्हीबी-जी राम जी’ हा नवा कायदा मंजूर केला. त्यात १२५ दिवसांची हमी आहे, पण खर्चाचा ४० टक्के वाटा आपल्यासारख्या राज्यांवर टाकलाय. म्हणजे १९७५ सालचा प्रश्न पुन्हा दारात उभा आहे : पैसा कुठून आणायचा? तेव्हाच्या महाराष्ट्राने त्याला उत्तर दिलं होतं, आणि ते उत्तर अजून कायद्याच्या पुस्तकात आहे. त्याला फक्त टप्पे हवेत. २५ हजारांच्या खाली कुणालाही, बाई असो वा पुरुष, व्यवसाय कर नको. त्याच्या वर चढता दर हवा. आणि कमाल मर्यादा वित्त आयोगाने सांगितलेल्या १८ हजारांवर न्यावी, त्यासाठी राज्याने दिल्लीत आग्रह धरावा. १९८८ साली घटनादुरुस्ती झाली, तशी ती पुन्हा होऊ शकते. दोन लाख पगार असलेल्याने वर्षाला १८ हजार दिले तर शंभरातले पाऊण रुपया होतात. काका आजच त्याच्या दुप्पट देतात. आणि १८ हजार भागिले बारा म्हणजे किती? दीड हजार. लाडक्या बहिणीला मिळतात तेवढे, महिन्याला, एका माणसाकडून.

या जादा पैशाचं नाव आधीच ठरलेलं असावं, जसं १९७५मध्ये ठरलं होतं. माझ्या मते ते पाळणाघराचं असावं. गावात कामाच्या जागी आणि शहरात वस्तीत. रोजगार हमीच्या कामावर पाळण्याची सोय कायद्यात वर्षानुवर्षं आहे, पाच लहान मुलं असली की सांभाळायला एक बाई नेमायची. मी ती नेमलेली किती वेळा पाहिली हे हाताच्या एका बोटावर मोजता येईल.

‘आधी भ्रष्टाचार थांबवा, मग कर मागा’ असं कुणी म्हणेल. हे वाक्य नेहमी ज्याचा कर वाढणार असतो तोच म्हणतो, काका कधी म्हणत नाहीत, त्यांना कुणी विचारलेलंच नाही. ‘मध्यमवर्ग आधीच पिळला जातो’ हा आक्षेप मात्र मी मनावर घेते, कारण मी त्याच वर्गातली आहे आणि या मासिकाच्या वाचकांतही आपल्यासारख्याच जास्त. चढता दर आला तर माझा कर वाढेल, कदाचित दुप्पट होईल. मला ते चालेल. पण पाच कोटींच्या गाडीला सहा टक्के आणि मला चढता दर, हे चालणार नाही. दोन्ही एकाच वेळी मागायला हवं.

१९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या बायका लाटणी घेऊन मंत्रालयावर गेल्या, तेव्हा त्यांनी भावाचा हिशेब मागितला होता. त्यांच्यात समाजवादी होत्या, कम्युनिस्ट होत्या, आणि कुठल्याच पक्षाच्या नसलेल्या असंख्य गृहिणी होत्या. तेव्हा भाव पाटीवर लिहिलेले दिसत होते. कर तसा दिसत नाही, तो साबणाच्या कागदात, बसच्या तिकिटात, बाटलीच्या बुचात लपलेला असतो. म्हणून आम्ही वस्तीत हिशेबाची ती दुपार आता दर महिन्याला घेतो. कुणी वीजबिल आणतं, कुणी रिचार्जचा संदेश वाचून दाखवतं. मागच्या वेळी काकाही आले होते, पगाराची पावती घेऊन.

वस्तीच्या समाजमंदिराची मागची खोली दिवसभर बंद असते. तिथे पाळणाघर सुरू करावं असा अर्ज बायकांनी लिहायला घेतलाय. खोली, पंखा, दूध, दोन बायका, असा खर्च मांडून झालाय. दोघींना काय द्यायचं त्या ओळीवर अर्ज अडकलाय. ‘मानधन’ लिहिलं तर लवकर मंजूर होईल असं अर्ध्याजणी म्हणतात. बाकीच्यांनी तो शब्द खोडून ‘पगार’ लिहिलाय आणि त्यापुढे किमान वेतनाचा आकडा टाकलाय.